लंबगोल चेंडूंचा चार महिन्यांचा अनुभव : रग्बी, ऑस्ट्रेलियन फुटबॉल आणि फ्लॅग फुटबॉलचा संच

फोंडा तालुक्यातील आमच्या गावात दर रविवारी सकाळी दहा ते चौदा वर्षांची वीस-बावीस मुले मैदानावर जमतात आणि निवृत्तीनंतर त्यांना खेळ शिकवण्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले आहे. खेळ अर्थातच फुटबॉल. परंतु 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या आणि त्यांत रग्बी होते; त्याच ऑक्टोबरात मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटबरोबर फ्लॅग फुटबॉललाही (अमेरिकन फुटबॉलचा, धरून पाडण्याऐवजी कमरेची झेंडी ओढण्याचा प्रकार) प्रवेश मिळाला; आणि 2025 च्या जूनमध्ये रग्बी प्रीमियर लीगचे सामने मुंबईत सुरू झाले तेव्हा आमची मुले ते मोबाइलवर पाहून मला प्रश्न विचारू लागली. त्यामुळे चवथीच्या सुमारास मी तीन वस्तू मागवल्या : चार नंबरचा रग्बीचा चेंडू (900 रुपये), कृत्रिम चामड्याचा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा चेंडू (पाठवणीसह 2,400 रुपये) आणि दहा खेळाडूंसाठी फ्लॅग फुटबॉलचे पट्टे व एक छोटा अमेरिकन चेंडू असा संच (1,800 रुपये). तिन्ही वस्तू चार महिने रोज नव्हे, पण नियमाने वापरल्यानंतर हे लिहीत आहे.

विक्रेत्याविषयी थोडक्यात सांगतो. पार्सल सांगितलेल्या तारखेनंतर अकरा दिवसांनी आले, दोन्ही मोठे चेंडू हवा काढून पापडासारखे चपटे करून भरले होते आणि हवा भरण्याची सुई एकाही खोक्यात नव्हती. आमच्या फुटबॉलची सुई दोन्हींना चालली म्हणून निभावले. तक्रारीला उत्तर आले नाही.

रग्बीचा चेंडू मला सर्वांत जास्त आवडला, म्हणून त्याच्याविषयी जास्त लिहितो. चार पाकळ्या, वर बारीक दाण्यांचा रबरी थर, दोन्ही टोके बोथट. पूर्ण आकाराच्या पाच नंबरच्या चेंडूचे वजन 410 ते 460 ग्रॅम असते, म्हणजे फुटबॉलच्या 410 ते 450 ग्रॅमला जवळजवळ चिकटून. तरीही दोन्ही चेंडू हातांत घेतले तर ते एकाच घरातले आहेत असे वाटत नाही. दाणेदार थराची खरी परीक्षा भाद्रपदातल्या चिखलात झाली. पहिल्या दोन रविवारी पकड उत्तम होती, पण पुढे आमच्या जांभ्याची तांबडी माती त्या दाण्यांच्या मधल्या फटींत अशी बसली की ओला चेंडू साबणाच्या वडीसारखा निसटू लागला. भांडी घासायच्या काथ्याने आणि कोमट पाण्याने तो घासल्यावर पकड बरीचशी परत आली. शिवण कुठेही उसवलेली नाही आणि एकदा भरलेली हवा तीन आठवडे टिकते.

त्याच्या टप्प्याचा मात्र भरवसा नाही. सपाट जमिनीवरही तो कधी छातीशी येतो, तर कधी उलट दिशेला पळतो, आणि मुलांनी पहिल्याच दिवशी त्याचे नाव "फटिंग" ठेवले. गंमत अशी की पास फक्त मागे द्यायचा, हा एकच नियम सांगून मी दहा मिनिटांत खेळ सुरू करू शकलो. टॅकल, म्हणजे धावणाऱ्याला धरून पाडणे, मी पूर्णपणे बंद ठेवले, कारण जांभ्यावर पडलेल्या मुलाचे गुडघे पाहिल्यावर घरची माणसे पुढच्या रविवारी त्याला पाठवणार नाहीत. त्याऐवजी स्पर्श झाला की थांबायचे. सात-सात जणांचे रग्बी 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये आले आणि फिजीसारख्या लहान देशाने तिथे पुरुषांचे सुवर्णपदक जिंकले, ते का शक्य झाले हे आमच्या या चौदा जणांच्या खेळावरून मला थोडेसे कळले. पंधरा जणांच्या खेळाला लागणारी धिप्पाड माणसे, स्क्रमचा (दोन्ही बाजूंनी खांद्याला खांदा लावून रेटारेटी करण्याचा) सराव आणि मऊ हिरवळ यांची गरज इथे फारशी भासत नाही. पळणारी पोरे असली की पुरे.

या चेंडूला इतका जुना भारतीय संबंध आहे हे मुलांना सांगितले तेव्हा त्यांना ते खरे वाटेना. कलकत्त्यात 1872-73 च्या सुमारास सुरू झालेला रग्बीचा क्लब काही वर्षांतच आटोपला आणि क्लबच्या बँकेतील चांदीचे रुपये वितळवून एक करंडक घडवला गेला. नागांच्या आकाराचे दांडे आणि झाकणावर हत्ती असलेल्या त्या कलकत्ता कपसाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड 1879 पासून आजतागायत खेळत आहेत. करंडक तिकडे गेला आणि खेळ इथे फारसा रुजला नाही. पुढे 1895 साली हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी, मजुरी बुडवून खेळणाऱ्या खेळाडूला भरपाई द्यावी की नाही या वादावरून, वेगळी चूल मांडली आणि पुढे तेरा जणांचे झालेले रग्बी लीग जन्माला आले. पंधरा जणांच्या मूळ खेळाने, म्हणजे रग्बी युनियनने, उघड व्यावसायिकता स्वीकारायला 1995 साल उजाडले. शंभर वर्षे दोन भावांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही, आणि आज दोघेही अमेरिकेचे दार ठोठावत आहेत : लीगवाले 2024 पासून आपल्या ऑस्ट्रेलियन हंगामाची सुरुवात लास व्हेगासमध्ये करतात, तर युनियनने 2031 चा पुरुषांचा विश्वचषक अमेरिकेला दिला आहे. माझ्या 900 रुपयांच्या चेंडूला मात्र या भावकीचे काही नाही. लीग खेळा की युनियन, आमच्या पोरांना त्यात फरक पडत नाही.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा चेंडू दिसायला देखणा आहे. रंग लाल, टोके रग्बीच्या चेंडूपेक्षा गोलसर आणि एका बाजूला दोरीची लेस. हा खेळ मेलबर्नमध्ये 1859 साली लिहिलेल्या नियमांवर उभा आहे, अठरा-अठरा जणांचा आहे आणि क्रिकेटच्या अंडाकृती मैदानावर खेळला जातो, म्हणून भारतात तो सर्वांत सहज बसेल असे कागदावर वाटते. आम्ही चार उभ्या खांबांसाठी पोफळीचे सोट आणून रोवले, मधल्या दोघांतून सहा गुण आणि बाजूच्या जागेतून एक, हे मुलांना चटकन समजले. चेंडू दोन्ही हातांनी सरळ धरून पायावर सोडला आणि बुटाच्या वरच्या भागाने मारला की तो उलटा फिरत असा सरळ जातो की पाहत राहावे. आमच्या गोलकीपर मुलाने तिसऱ्याच दिवशी चाळीस पावलांवरून तो मधल्या खांबांतून काढला.

अडचण पळताना येते. चेंडू घेऊन धावणाऱ्याने दर पंधरा मीटरला तो जमिनीवर आपटून पुन्हा हातात घ्यायचा असतो, आणि आमच्या खडकाळ मैदानावर हे म्हणजे देवाला कौल लावण्यासारखे आहे. भात कापून झाल्यावर शेतात खेळलो तेव्हा खोडक्यांमुळे आणखी पंचाईत झाली. शिवाय लेस दोन महिन्यांतच सुटू लागली. चेंडूत दोष नाही, तो दुसऱ्या जमिनीसाठी केलेला आहे. या खेळाचे चालकही अधूनमधून बाहेर पाहतात. 2013 साली वेलिंग्टनला आणि 2017 साली शांघायला त्यांनी आपल्या लीगचे सामने नेले होते. तरी त्यांची खरी चढाई घरातच, रग्बी लीगचा बालेकिल्ला असलेल्या सिडनीवर झाली, आणि त्यासाठी 2012 मध्ये पश्चिम सिडनीत नवा संघ उतरवला. परदेशी हौशी संघांच्या त्यांच्या आंतरराष्ट्रीय कपात भारताचा संघही 2008 साली उतरला होता, हे वाचून आमच्या मुलांना बरे वाटले. पण इथे तुटलेला चेंडू बदलायला दुसरा मिळत नाही आणि 2,400 रुपयांत आमच्या फोंड्याच्या बाजारात चांगले तीन फुटबॉल येतात.

फ्लॅग फुटबॉलच्या संचाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. कमरेच्या पट्ट्याची झेंडी ओढली की धावणारा थांबला, ही कल्पना सुरेख आहे आणि मुलींनी ती लगेच उचलली. पण पट्ट्यांच्या प्लास्टिकच्या खटक्यांपैकी चार पहिल्या महिन्यात तुटले. शिवाय प्रत्येक चालीआधी घोळका करून ठरवायचे, मग एक खेळी, मग पुन्हा थांबायचे, हे आमच्या पोरांच्या अंगात नाही. तिसऱ्या घोळक्यात निम्मी मुले बोरे वेचायला गेली होती. अमेरिकन फुटबॉलची लीग 2007 पासून लंडनमध्ये, पुढे म्युनिक, साओ पावलो, डब्लिन आणि माद्रिदमध्ये सामने नेत आहे, स्टेडियमही भरतात. पाहणारे मिळवणे आणि खेळणारे मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढेच मी म्हणेन.

आमच्याकडे फुटबॉल आला तो 1883 साली, शिवोलीला फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्र्याने शाळेत शिकवला म्हणून, असे सांगतात. त्यामागे ना लीग होती ना प्रक्षेपण. आज त्या चेंडूची शिवण उसवली तर गावातला चांभार वीस रुपयांत टाके घालून देतो, आणि एकटे पोर घराच्या चिऱ्याच्या भिंतीवर तो तासन् तास मारत बसू शकते. लंबगोल चेंडू भिंतीवर मारून पाहा. दोनदा मारला की तिसऱ्यांदा तो शेजाऱ्याच्या माडाच्या आळ्यात सापडतो. मागवलेल्या तिन्ही वस्तूंत हीच एक उणीव मला सारखी जाणवली, की खेळायला निदान दुसरा एकजण लागतो.

शिक्षकांनी आणि क्लबांनी रग्बीचा चेंडू जरूर घ्यावा. पाचपैकी चार गुण, एक गुण मातीमुळे कापला. दहा वर्षांच्या मुलांना चारच नंबर द्यावा, पाच नको. ऑस्ट्रेलियन चेंडूला तीन, तोही हिरवळ असलेल्या मैदानाजवळ राहत असाल तर. फ्लॅगच्या संचाला दोन. रग्बीचा दुसरा चेंडू मी मागवला आहे, या वेळी दुसऱ्या विक्रेत्याकडून आणि सुईची खात्री करून. पट्टे परत करायची मुदत टळली होती, त्यामुळे उरलेल्या सहा पट्ट्यांच्या तांबड्या झेंड्या मुलांनी दंडाला बांधल्या आहेत, आणि रविवारच्या फुटबॉलमध्ये कोण कुठल्या बाजूचा हे आता लांबूनही ओळखू येते.