राजारामपुरीतला एथिक्सचा क्लास: शनिवार भारी, रविवार कच्चा

अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी (हॉस्पिटलमधलं पदव्युत्तर प्रशिक्षण) यूएसएमएलई ही तिथली डॉक्टरी परवान्याची परीक्षा देणाऱ्या पोरांसाठी कोल्हापूरच्या राजारामपुरीत दोन दिवसांचा क्लास चालतो. वैद्यकीय नीतिशास्त्र शनिवारी, अमेरिकेची आरोग्य व्यवस्था रविवारी. फी साडेतीन हजार, नोट्स धरून.

शनिवारी स्वायत्तता, हित, अपाय टाळणं आणि न्याय ही चार तत्त्वं अर्ध्या तासात उरकतात. बरंच आहे ते. व्याख्या कुणाच्या चुकत नाहीत, घात करते ती वॉर्डातली सवय. मुलगा बाजूला घेऊन सांगतो, "डॉक्टर, आईला कॅन्सरचं काही बोलू नका हं." आपल्याकडचा इंटर्न मान डोलावतो, परीक्षेत तिथंच मार्क जातो. आधी मुलाला विचारायचं, सांगू नये असं का वाटतं? मग आईलाच विचारायचं, आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय? ती म्हणाली, "मुलाशीच बोला," तर तोही तिचाच निर्णय. सर हे भूमिका वाटून करून घेतात आणि व्याख्या घडाघडा म्हणणारी पोरं इथं अडखळतात.

पेशंटच्या निर्णयक्षमतेचे चार प्रश्नही घोटून घेतात: माहिती समजली का, ती आपल्यालाच लागू आहे हे पटलं का, कारण देता येतं का, निवड स्पष्ट सांगता येते का. उपचार नाकारला म्हणून क्षमता नाही असं ठरत नाही. डीएनआरचंही ('डू नॉट रिससिटेट' ही सूचना) तसंच. हृदय बंद पडल्यावर सीपीआर (छाती दाबून हृदय पुन्हा चालू करायचा प्रयत्न) द्यायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. अँटिबायोटिक्स, आयसीयू चालू राहू शकतं. (कोल्हापुरात 'सीपीआर द्यायचा नाही' म्हटलं की निम्म्या वर्गाला इथलं 'सीपीआर' म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे हॉस्पिटल आठवतं, ते वेगळं.)

रविवार मात्र नोट्स वाचून दाखवण्यात जातो. सरकारी आरोग्य विम्यातलं मेडिकेअर मुख्यतः ६५ वर्षांपुढच्यांना, मेडिकेड कमी उत्पन्नवाल्यांना, दोन्ही १९६५ चे, इथपर्यंत ठीक. पण १९८६ च्या एम्टाला कायद्यापुढे नोट्समध्ये 'इमर्जन्सीत उपचार मोफत' असं छापलंय. साफ चूक. पैशांची ऐपत न बघता तपासणी करणं आणि पेशंट स्थिर करणं बंधनकारक आहे, बिल नंतर येतंच. फुले योजनेतले कॅशलेस पेशंट बघितलेल्या पोरांची इथं हमखास गल्लत होते.

विम्याचं एकही गणित सोडवून घेत नाहीत. समजा डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी पेशंटनं भरायची रक्कम) २,००० डॉलर, कोइन्शुरन्स (त्यापुढच्या बिलातला पेशंटचा वाटा) २० टक्के आणि बिल १२,००० डॉलर. पहिले २,००० पेशंटचे, उरलेल्या १०,००० चे २० टक्के म्हणजे आणखी २,०००. एकूण ४,००० खिशातून. हॉस्पिटल विमा कंपनीच्या नेटवर्कमधलं असेल तरच हा हिशेब धरायचा. फळ्यावर दहा मिनिटांचं काम.

एकट्या शनिवारची फी घेऊन बसू देत नाहीत, तरी विचारून बघा. रविवारी जाणार असाल तर नोट्समधली एम्टालाची ओळ आधी खोडा.