पाठीवरचा ब्लोअर: दोन हंगाम जाळरेषेवर वापरल्यावर

साताऱ्यात माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कार्ब्युरेटरवर जरा जास्तच बोलणार आहे. रविवारी मात्र गॅरेज बंद आणि मी डोंगरावर. आधी नुसते किल्ले फिरायचो. गेली चार वर्षं थंडी सरायला लागली की आमचा ग्रुप वन विभागाच्या माणसांबरोबर जाळरेषा, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून साफ केलेला पट्टा, काढायला जातो. दोन वर्षांपूर्वी वर्गणी काढून पाठीवर अडकवायचा, नळीतून जोराने हवा मारणारा पेट्रोलचा ब्लोअर घेतला आणि वन विभागाला दिला. तेव्हापासून दर जानेवारीत कुठल्या ना कुठल्या ग्रुपचा फोन येतोच, 'आम्ही पण घेऊ का?' म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

टू-स्ट्रोक इंजिन, रिकामं वजन दहा किलोच्या आसपास, टाकी दोन लिटरला जरा कमी. बिलासकट 23,500 रुपये पडले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या किमतीतली सगळी मशिनं उघडून बघा, आतून सख्खी भावंडं असतात.

पहिल्याच दिवशी आमची जिरली. यवतेश्वरच्या बाजूला एका उतारावर गेलो. सोबत त्या भागाच्या वनरक्षक ताई, वणव्यावर नजर ठेवणारे गावचे दोन फायर वॉचर आणि फोटो काढायला आमचीच पंधरा माणसं. मी दोरी ओढली, मशीन गरजलं, नळी गवतावर धरली. गवत आडवं झालं. नळी बाजूला नेली, गवत परत उभं. फायर वॉचरांतले थोरले, त्यांना सगळे आबा म्हणतात, कमरेला विळा लावून बघत होते. म्हणाले, "मर्दा, पाला उडतुय. गवात कसं उडंल? त्याला मूळ हाय."

एवढं एक वाक्य कळलं तरी तुमचे पैसे वाचतील. ब्लोअर सुटी पडलेली वस्तू हलवतो. आमच्या डोंगरांचा वरचा भाग म्हणजे उभं वाळलेलं गवत. तिथे आधी विळा किंवा ब्रशकटर (गवत कापायचं मशीन), मग दाताळं, आणि शेवटी ब्लोअर. म्हणजे तिथे तो महागडा खराटा. खाली जिथे ऐन, साग, पळस अशी झाडी आहे आणि पाल्याचा घोट्याएवढा थर असतो, तिथे मात्र या मशिनाला तोड नाही. तुमच्या डोंगरावर गवत जास्त आहे का पाला, हे आधी बघा. गवतच असेल तर त्याच पैशांत ब्रशकटर घ्या आणि उरलेल्यात विळे.

झाडीतला हिशेब सांगतो. पूर्वी दहा जणांनी सकाळी सात ते अकरा दाताळं ओढलं की तीन मीटर रुंदीची रेषा जेमतेम तीनशे मीटर व्हायची. आता एकजण ब्लोअरवर, दोघं पुढे दगड-फांद्या उचलायला, दोघं मागे दाताळं घेऊन राहिलेलं ओढायला. एवढ्यात तेवढ्याच वेळात पाऊण किलोमीटर होते. टाकी फुल थ्रॉटलला पाऊण तासात संपते, पण तोवर पाठही संपलेली असते, त्यामुळे माणूस बदलायचा आणि पेट्रोल भरायचं एकाच वेळी उरकतं. कानाला मफ लावल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका. पहिल्या दिवशी मी तसाच चालवला, रात्री जेवतानाही कानात मशीन चालू होतं. एक गोष्ट मात्र विकत घेताना कुणी सांगत नाही. सागाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्येही चालूच असते. आज झाडलेली रेषा पंधरा दिवसांत पुन्हा भरते. एकदा झाडून फोटो टाकला की संपलं, असं हे काम नाही.

आता ज्यासाठी मी या मशिनाला चांगले मार्क देतो ते सांगतो. जुनी पद्धत अशी की दोन्ही कडांना पट्टे साफ करायचे आणि सकाळी दव असताना मधलं गवत जाळून घ्यायचं. हे काम वन विभागाचं, त्यांच्या माणसांचं. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे, तिथे आमच्यासारख्या हौशी माणसाच्या हातात काडेपेटी कोण देईल, आणि का द्यावी? त्यामुळे जाळायची वेळ आली की आम्ही पाण्याच्या बाटल्या घेऊन लांब बसायचो. ब्लोअरने काडी न ओढता रेषा होते, म्हणून आम्ही सबंध दिवस उपयोगी पडतो. परवानगी लागतेच. वनक्षेत्रपालांचं पत्र आणि बरोबर वनरक्षक, याशिवाय मशीन सुरू करायचं नाही असा आमचा नियम आहे. रेषा कुठून न्यायची हेही तेच ठरवतात. आम्हाला वाटायचं, कडेकडेने सरळ काढावी. आबांनी एकदा दाखवलं, दुपारी वारं ज्या खिंडीतून वर चढतं तिथे तीन मीटर पुरत नाहीत, आणि जिथे कातळ उघडा आहे तिथे रेषा काढायची गरजच नाही.

मागच्या मार्चअखेरचा प्रसंग. पानगळीने भरलेली रेषा दुसऱ्यांदा झाडत होतो. ताई पुढे चालत होत्या, एकदम हात वर करून थांबल्या. मी इंजिन बंद केलं. त्यांच्या पायापासून दोन हातांवरून पाल्याच्याच रंगाचं काहीतरी उडालं आणि पलीकडे जाऊन बसलं. रातवा पक्षी. उठला तिथे पाल्यावर दोन अंडी, ना घरटं ना काडी, नुसती ठेवल्यासारखी. नळी अजून चार पावलं पुढे गेली असती तर ती अंडी कुठे उडाली असती कुणास ठाऊक. ताईंनी रेषा तिथे वळवली, आबांनी खूण म्हणून बाजूच्या झाडाला चिंधी बांधली. मशिनाच्या पुस्तकात डोळ्याला गॉगल लावा असं आहे. पुढे चालायला डोळ्याचं माणूस ठेवा, असं कुठेच नाही.

प्रत्यक्ष वणव्यात ब्लोअर चालतो का? चालतो, पण आग गुडघ्याच्या खाली असेल तरच. हवा कायम जळून गेलेल्या बाजूकडे मारायची, आणि मागे ओल्या फांद्या घेऊन दोघं लागतातच. उलट्या बाजूला हवा गेली तर तुम्हीच ठिणग्या पुढच्या गवतात पेरता. उंच ज्वाळांपुढे हे मशीन घेऊन जाणं म्हणजे पाठीवर पेट्रोल बांधून चुलीत शिरणं. आमच्या पोरांना तर ताईंनी एकदा खालूनच परत पाठवलं. सगळे पॉलिस्टरच्या टी-शर्टात आले होते, तो कपडा वितळून अंगाला चिकटतो. आता सगळे जुने सुती शर्ट घालतात. उपग्रहाच्या सूचनांचंही जाता जाता सांगतो. भारतीय वन सर्वेक्षणाकडे नाव नोंदवलं की मोबाइलवर मेसेज येतो, फुकट आहे, जरूर नोंदवा. पण त्यात आगीचा एक ठिपका 375 मीटरचा असतो आणि उपग्रह डोक्यावरून जाईल तेव्हाच तो दिसणार. आमच्याकडे वणवा लागला तेव्हा दोन्ही वेळा आबांचा फोन आधी आला.

आता माझी चूक. पहिल्या हंगामात पाणी प्यायला थांबलो आणि चालवून चालवून तापलेलं मशीन तसंच वाळल्या गवतावर टेकवलं. वीस वर्षं सायलेन्सरचे चटके खाल्लेला माणूस मी! बाटलीचं झाकण लावेपर्यंत गवतातून धुराची बारीक रेघ वर यायला लागली. ताईंनी बुटाने चिरडलं, माझ्याच हातातलं पाणी ओतलं आणि एवढंच म्हणाल्या, "दादा, नक्की कशाला आलाय?" तेव्हापासून मशीन फक्त कातळावर किंवा झाडलेल्या मातीवर टेकवायचं.

आणि आता खरं रडगाणं. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात. म्हणजे उरलेले आठ महिने हे मशीन कुठल्यातरी कोपऱ्यात पडून राहणार. पहिल्या वर्षी तसंच पडलं, टाकीत पेट्रोल ठेवून. पुढच्या जानेवारीत दोरी ओढून ओढून तीन जणांचे खांदे गेले, फटफट सुद्धा नाही. विकणाऱ्या दुकानाने 'डोंगरावरचा वापर वॉरंटीत येत नाही' म्हणून हात वर केले. शेवटी मीच गॅरेजात उघडलं. आत पेट्रोल सुकून कार्ब्युरेटरच्या जेटवर, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकावर, मधासारखा चिकटा बसलेला, डायफ्राम म्हणजे आतला पातळ पडदा पापडासारखा कडक. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, तिकडे हे ऑइल मिसळलेलं, त्यामुळे गाडीपेक्षा लवकर नासतं. मशिनाचा यात काही दोष नाही. आम्ही हार घालून, फोटो काढून मशीन दिलं आणि आमचं काम झालं असं समजलो. घेणाऱ्यांना वाटलं, हे ग्रुपचं आहे, तेच बघतील. टाकी रिकामी करणं कुणाच्याच वाट्याला नव्हतं.

त्यानंतर डब्यात एक वही ठेवली. पेट्रोल एक लिटरला 40 मिली ऑइल, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. पुढे तारीख, कुणी चालवलं, किती वेळ, काय बिघडलं. गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीतल्या (गावकरी आणि वन विभाग मिळून जंगल सांभाळतात ती) दोन पोरांना प्लग काढून साफ करायला आणि फिल्टर झटकायला शिकवलं, ती आता माझ्यापेक्षा नीट करतात. या वर्षी दुसऱ्या ओढीला सुरू झालं.

मार्क द्यायचे तर झाडीसाठी पाचपैकी चार, गवतासाठी दोन. खांद्याच्या पट्ट्यांना एकच, पहिल्याच महिन्यात शिवण उसवली, चांभाराकडून चामडं लावून घ्यावं लागलं. घ्यायचं ठरलंच तर आधी वनक्षेत्रपालांना भेटा, नाहीतर तेवढ्याच पैशांत त्यांना दाताळी आणि बूट हवे असतील आणि तुम्ही ब्लोअर घेऊन उभे.

वहीत शेवटची नोंद माझ्या अक्षरात आहे: 'टाकी रिकामी. कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालवला. प्लग काढून ठेवलाय, गॅरेजात आहे.' खाली आबांनी अंगठ्याएवढ्या अक्षरात भर घातलीय, 'पट्टा बघा.'