निकेलचं पीक: काळी की पवनीकडची बरड?

मोबाईलवर ‘धातूची शेती’ (झाडांनी मातीतून धातू शोषायचा, मग ती जाळून राखेतून तो काढायचा) पाहून दोन एकर निकेल शोषणाऱ्या झाडांना द्यायचा विचार असेल, तर झाड कोणतं हे नंतर ठरवा. आधी जमीन पाहा.

अल्बानियातलं ओडोंटारेना मोहरीच्या कुळातलं, मलेशियातल्या साबाचं फिलँथस आपल्या आवळ्याचं भाऊबंद. दोघांच्याही वाळल्या पानांत निकेल एक टक्क्याच्या वर जाऊ शकतं. पण ही झाडं दगड फोडत नाहीत. शेजारचं गवत मातीतलं जे सुटं निकेल घेतं, तेच हीही घेतात, फक्त हावरेपणाने. आणि पानाच्या वरच्या सालीतल्या पेशींत कोंडून ठेवतात. घेतलेलं भरून निघणं खनिजाच्या हाती. गोथाइट या लोहखनिजात निकेल स्फटिकातच चिणलेलं असतं, ते सहजी सुटत नाही. स्मेक्टाइट चिकणमाती मात्र थरांमधलं निकेल पाण्यात सोडते.

आपली काळीही स्मेक्टाइटचीच, म्हणून मोह होतो. पण हिशेब करा. हेक्टरभर जमिनीचा २० सेंटिमीटरचा थर म्हणजे साधारण २५ लाख किलो माती. काळीत किलोमागे १०० मिलिग्रॅम निकेल धरलं, तर सगळं मिळून २५० किलो. त्यातलं बहुतेक खनिजात अडकलेलं, आणि चुनखडीमुळे सामू (पीएच) आठाच्या घरात, म्हणजे सुटं फारच थोडं. सर्पेंटाइन या मॅग्नेशियमवाल्या खडकाच्या मातीत किलोमागे २,००० मिलिग्रॅम सहज सापडतं: ५,००० किलो. अल्बानियात अशाच मातीत, खत घालून, हेक्टरी शंभरेक किलो निघालं आहे.

भंडारा जिल्ह्यात पवनीकडे क्रोमाइट हे क्रोमियमचं खनिज असलेले तसले खडक आहेत. तिथली बरड असेल तर विचाराला जागा आहे. मॅग्नेशियम जास्त, चुना कमी, अशा जमिनीत नाहीतरी कापूस खुरटतो. काळीतली पऱ्हाटी मोडून मात्र हा उद्योग करू नये.

पैसा? किलोला १,४०० रुपये धरले तर शंभर किलोचे १ लाख ४० हजार. त्यातून कापणी, जाळणी आणि राखेतून धातू काढणं वजा जाणार. शिवाय राख घेणार कोण? आणि बांधावर शेळ्या असतील तर कुंपणाचा खर्चही धरा, हा पाला चाऱ्यात जाता कामा नये.

माती तपासायला देताना एकूण निकेल आणि डीटीपीए निकेल (डीटीपीए या द्रावणात सुटणारं, म्हणजे साधारण झाडाला मिळू शकणारं), दोन्ही आकडे मागा. एकूण भरपूर पण डीटीपीए नावापुरतं आलं, तर निकेल बहुधा लोहखनिजात अडकलेलं आहे. तिथे बियाण्यावर पैसे घालू नका.