मैत्रिणीला दिलेलं पेंडंट आणि हिरवी पडलेली अक्षरं

माझ्या मैत्रिणीच्या गळ्याखाली चट्टा उठला होता आणि तिने तो चार महिने माझ्यापासून लपवला. मी दिलेल्या पेंडंटमुळे तो उठला होता, म्हणून लपवला. हे आठवलं की अजून पोटात तुटतं. पण जवळच्या मैत्रिणीसाठी असाच एखादा दागिना शोधत असलेल्या कुणाच्या तरी हे वेळेवर वाचनात यावं, म्हणून माझ्या चुकांसकट सगळं लिहिते आहे.

आमची मैत्री १९ वर्षांची. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा ही रोज रात्री येऊन माझ्याशेजारी बसायची. धीर देण्यासाठी म्हणून काही बोलायची नाही, नुसती बसायची. जिन्यावरच्या खिडकीतून चंद्र दिसायचा, तो दोघी बघायचो. त्या रात्रींची आठवण राहील असं काहीतरी तिला द्यावं, हे माझ्या मनात कितीतरी वर्षं होतं. मूनस्टोन, म्हणजे चंद्रकांत, हे तेव्हाच ठरलं होतं. शिवाय तिचा जन्म जूनचा आणि जूनच्या खड्यांत मोत्याबरोबर मूनस्टोनही येतो.

एक अडचण मला आधीपासून माहीत होती. लहानपणी कान टोचले तेव्हापासून तिला साधं कानातलं चालत नाही. कान लाल होतात, चिघळतात. स्वस्त दागिन्यांत असणाऱ्या निकेल या धातूची अ‍ॅलर्जी. ती एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. म्हणून मी चांदीचाच आग्रह धरला आणि विक्रेत्याला स्पष्ट शब्दांत विचारलं, ‘यात निकेल नाही ना?’ उत्तर आलं, ‘ताई, शंभर टक्के शुद्ध ९२५ चांदी. निश्चिंत राहा.’

हा विक्रेता ऑनलाइन सापडला. हाताने घडवलेले, नाव किंवा तारीख कोरलेले दागिने विकायचा. त्याने सगळ्यात आधी काय विचारलं असेल? बजेट नाही, माप नाही. म्हणाला, ‘तुमच्या मैत्रिणीबद्दल सांगा, म्हणजे ती भावना मनात ठेवून घडवता येईल.’ मी आईचं आजारपण, ती खिडकी, सगळं लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला की वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी फसले ती खरं तर तिथेच. एवढं मनातलं सांगून झाल्यावर त्याच माणसाला ‘धातूची तपासणी करून दाखवा’ म्हणणं मला जड गेलं. आपण त्या आठवणीचा बाजार मांडतोय असं वाटलं.

तरी थोडं विचारलंच. त्याने एक व्हिडिओ पाठवला. त्यात तो पेंडंटजवळ लोहचुंबक नेतो आणि ते चिकटत नाही. मला पटलं. पण चुंबक चांदीला चिकटत नाही तसं पितळेलाही चिकटत नाही आणि तांब्यालाही नाही. या चाचणीत फार तर लोखंडासारखा धातू पकडला जातो. चांदी असल्याचं त्यातून मुळीच सिद्ध होत नाही.

खड्याचे सगळे फोटो काळ्या मखमलीवर काढलेले होते. निळसर, दुधाळ, हुबेहूब चांदण्यासारखा. काळी मखमल कशासाठी होती ते मला फार उशिरा कळलं.

पैसे थेट खात्यात भरले तर सवलत देतो म्हणाला, मी भरले. कार्डाने दिले असते तर निदान बँकेकडे वाद नोंदवता आला असता. मागच्या बाजूला तिचं नाव आणि एक तारीख कोरून मागितली. कोरलेली वस्तू परत घेतली जात नाही, हे त्याने तेव्हाच सांगितलं होतं आणि मला ते रास्तही वाटलं होतं. नाव कोरलेला दागिना दुसरं कोण घेणार?

पेंडंट तिच्या हातात ठेवलं तेव्हा ती रडली. त्या दिवसापासून रोज घालायची. मी भेटणार असले तर हमखास.

चार महिन्यांनी मी अचानक तिच्या घरी गेले. गळा मोकळा होता आणि गळ्याखालच्या दोन्ही हाडांच्या मध्ये लालसर, खरखरीत, खाजवून सोललेला चट्टा. मी विचारल्यावर आधी म्हणाली घामोळं आहे. मग गप्प बसली. मग म्हणाली, ‘अगं, तू इतकं मनापासून दिलंस. कसं सांगू तुला?’ चट्टा उठल्यापासून ती फक्त मी येणार असले की पेंडंट घालायची आणि मी गेले की काढून मलम लावायची.

तिने ते डबीतून काढून दिलं. पुढची बाजू अजून चकचकीत होती. मागे मात्र कोरलेली अक्षरं हिरवी पडली होती. आमची तारीख हिरवट काळ्या रेघांत उमटून आली होती. वरचा मुलामा नुसता पापुद्र्याएवढा, कोरताना तो फाटून आतला धातू उघडा पडला होता.

तिच्या त्वचेच्या डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्यावर निकेल ओळखण्याचं रसायन घेऊन ते पेंडंटवर घासलं. बोळा गुलाबी झाला. म्हणजे निकेल होतं. मुलाम्याखाली निकेलचा थर देण्याची पद्धत नकली दागिन्यांत सर्रास असते.

मग मी ते एका वयस्कर सोनाराकडे नेलं. त्यांनी घाई केली नाही, प्रत्येक गोष्ट मला दाखवून केली. कडीच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी कानसेने जरासं घासलं. खाली पिवळं दिसलं. त्यावर अ‍ॅसिडचा थेंब टाकला तर तो फसफसून हिरवा झाला. पितळ. नंतर नुसती साखळी हवेत तोलली आणि पाण्यात बुडवून तोलली. ९२५ चांदी पाण्याच्या साधारण १०.३ पट जड असते, पितळ साडेआठ पटीच्या आसपास. साखळीही पितळेचीच निघाली. ‘९२५’चा शिक्का मात्र दोन्हींवर ठळक होता. हजारात ९२५ भाग चांदी असा त्याचा अर्थ. पण शिक्का मारायला एक ठसा आणि एक हातोडी पुरते, असं ते म्हणाले.

खड्याचं त्यांनी सगळ्यात शेवटी पाहिलं. पेंडंट खिडकीसमोर उजेडात धरलं आणि मला म्हणाले, आता बघा. निळा खडा उजेडाच्या आरपार नारिंगी पिवळा दिसत होता. काळ्या कापडावर ठेवला की पुन्हा निळा. ही ओपलाइट नावाची काच. तिच्यात हा रंगबदल होतोच, म्हणून तर ती काळी मखमल. भिंगातून आत दोन गोल बुडबुडे दिसले. चंद्रकांत खनिज आहे, फेल्डस्पार कुळातलं. त्यात दोन प्रकारच्या फेल्डस्पारचे अतिशय पातळ थर एकाआड एक असतात आणि त्यांच्यात प्रकाश विखुरतो. त्यांनी शेजारी एक खरा चंद्रकांत ठेवला. तो हलवला की निळसर झाक एका बाजूकडून दुसरीकडे तरंगत जायची. माझ्या खड्यात निळा रंग होता, पण जागचा हलत नव्हता. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की विसरत नाही. विकत घेण्याआधी मी कुठेतरी जाऊन एक अस्सल खडा नुसता हातात घेऊन बघायला हवा होता.

विक्रेत्याला लिहिलं. त्याची उत्तरं लक्षात ठेवण्यासारखी आहेत, कारण प्रत्येकात थोडं खरं मिसळलेलं होतं. ‘चांदीचा रंग बदलतोच.’ बदलतो, पण हवेतल्या गंधकामुळे चांदी काळवंडते, अशी हिरवी पडत नाही. ‘काहींच्या घामाने डाग पडतात.’ ९२५ चांदीतल्या तांब्यामुळे कधी कधी हलका डाग पडतोही, म्हणून नुसत्या डागावरून मी कुणावर आरोप केला नसता. पण अ‍ॅसिडची परीक्षा माझ्या डोळ्यांसमोर झाली होती. ‘बाजारात यालाही मूनस्टोनच म्हणतात.’ आणि शेवटी, ‘बिल बघा.’ बिलावर लिहिलं होतं, ‘सिल्व्हर टोन, ओपल मूनस्टोन’. जाहिरातीत चांदी आणि बिलावर चांदीचा रंग. मी ते बिल कधी नीट वाचलंच नव्हतं. यानंतर त्याने मला ब्लॉक केलं.

त्यानंतर मी अशा शब्दांकडे फार बारकाईने बघते. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदी अजिबात नसते. तांबं, जस्त आणि निकेल असतं, म्हणजे माझ्या मैत्रिणीसाठी नेमकं विष. फिरोजा म्हणून हॉवलाइट नावाचा पांढरा दगड रंगवून विकला जातो. बाजारातलं बरंचसं सिट्रिन, म्हणजे तो पिवळा खडा, हे तापवून पिवळं केलेलं जांभळं अ‍ॅमेथिस्ट असतं. त्यात वाईट काही नाही, फक्त ते सांगितलं गेलं पाहिजे. आणि जन्ममहिन्याचा खडा ही ‘हजारो वर्षांची अखंड परंपरा’ असं मला ऐकवलं होतं. कल्पना जुनी आहे हे खरं, पण आज जी यादी सर्रास दाखवली जाते ती १९१२ मध्ये अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने ठरवली. मला ती यादी आजही आवडते. पण परंपरेचं नाव घेऊन कुणी घाई करायला लागलं तर मी थांबते.

पैसे गेले त्याहून मला एक गोष्ट जास्त लागते. भेट देणारी ती वस्तू वापरत नाही आणि वापरणारी तक्रार करत नाही. आवडती मैत्रीण तर मुळीच करत नाही. अशा विक्रेत्यांचा धंदा आमच्या या मायेवरच चालतो. म्हणून भेट देतानाच मैत्रिणीला सांगून ठेवा, की काही झालं, खाज आली, रंग उतरला तर मला लगेच कळव, मला वाईट वाटणार नाही. मी हे सांगितलं असतं तर तिचे चार महिने वाचले असते.

तिचा चट्टा आता गेला आहे, फिकट खूण राहिली आहे. यावेळी सरप्राइज नको असं आम्ही ठरवलं. दोघी त्याच सोनाराकडे गेलो, तिने पाच चंद्रकांत उजेडात फिरवून बघितले आणि त्यातला सगळ्यात लहान निवडला, कारण त्याची झाक सगळ्यात जास्त फिरत होती. पावतीवर धातू, कस, वजन आणि खड्याचं नाव स्वच्छ लिहून घेतलं. मागची बाजू सध्या कोरी आहे. परत करण्याची मुदत संपेपर्यंत ती ते रोज घालून बघणार आहे. तारीख त्यानंतर कोरून घेऊ.