बडोद्यासाठी जुनी एमजी: टीडी की एमजीबी?

टीडी आणि एमजीबी या एमजी या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या स्पोर्ट्स गाड्या. टीडी 1950 ते 1953 ची. 1250 सीसीचं एक्सपीएजी इंजिन, साधारण 54 हॉर्सपॉवर, वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) आणि वर लाकडी सांगाड्याची बॉडी. एमजीबी 1962 मध्ये आली: 1798 सीसी, 95 हॉर्सपॉवर. हिला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते. ताशी 80 किलोमीटरला टीडीचं इंजिन मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं, एमजीबीचं 2800 ला, आणि ओव्हरड्राइव्ह (टॉपच्या वरचा जादा गिअर) असेल तर 2200 च्या जवळ. अहमदाबाद एक्सप्रेसवेवर जायचं तर एमजीबीच घ्या. टीडी ही पावागडपर्यंत सकाळी निवांत जाऊन येण्याची गाडी, आणि त्या रस्त्यावर ती फार गोड वाटते.

तरी निकाल लागतो तो कुजण्यावर. एमजीबीत आधी सिल पाहा, म्हणजे दाराखालची पत्र्याची पेटी. ती आतून थरांची असते. वरून नवा पत्रा मारून रंग दिला की आतला गंज झाकला जातो. दाराची फट नीट पाहून ठेवा, मग गाडी जॅकिंग पॉइंटवर उचला. फट बदलली, दार घासायला लागलं, तर आतला पत्रा संपलाय. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करावाच लागतो, नाहीतर बॉडी मधून वाकते आणि दारं पुन्हा कधी नीट बसत नाहीत. हे न करणाऱ्या गॅरेजच्या ताब्यात गाडी देऊच नये.

टीडीच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात. दार अर्धं उघडून टोकाला धरून उचला. नुसती बिजागरी खडखडली तर पिन झिजलीय. दाराचा लाकडी खांबच हलला तर लाकूड गेलं. पण हे काम सुताराकडून होतं. जुना तुकडा नमुन्याला जपून ठेवा.

टीडीची खरी अडचण बोल्टची. इंजिनच्या बोल्टचे आटे मेट्रिक, पण डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची. साध्या पान्याने डोकी गोल होतात. शिवाय 8 मिलिमीटरच्या बोल्टचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1 मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानातला 1.25 पिचचा बोल्ट जोर लावून बसवला की ब्लॉकमधले आटे जातात. व्हिटवर्थ पान्यांचा सेट गाडीसोबतच घ्या.

ई20 पेट्रोल (20 टक्के इथेनॉलचं) दोघींनाही त्रास देतं. जुने रबरी पाइप फुगतात, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं. इथेनॉल झेलणारे पाइप टाका आणि एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरचा जेट नट (मिश्रण ठरवणारा) एक-दोन फ्लॅट, म्हणजे नटाच्या एक-दोन बाजूंइतका, खाली घ्या. एमजीबीचे कार्ब्युरेटर थेट एक्झॉस्टच्या वर बसतात. मधली हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) काढून टाकलेली असेल तर मे महिन्यात सिग्नलला फ्लोट चेंबरमधलं (कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतलं) पेट्रोल उकळतं आणि गाडी बंद पडते.

दोघींचंही अर्थिंग पॉझिटिव्ह, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं; एमजीबीचं 1967 पर्यंत. बॅटरी जोडण्याआधी इलेक्ट्रिशियनला हे आवर्जून सांगा.

50 वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते: नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. त्या नंबरावर रोज ऑफिसला जाता येत नाही.