डच कंपनीचे कागद मशीनच्या डोळ्यांनी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वेंगुर्ल्याच्या डच वखारीचे कागद शोधायला आता नेदरलंड्समधल्या हेगची वारी करावी लागत नाही, हे खरं. ते घरबसल्या वाचून होतात असं जे हल्ली सांगितलं जातं, ते मात्र अर्धंच खरं. लायडनला इतिहासाचं एम.ए. किंवा पीएच.डी. करायला निघालेल्यांनी आणि इथे बसून सतराव्या शतकातल्या कोकणावर काम करणाऱ्यांनी हा फरक आधी समजून घ्यावा.

हेगच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात डच ईस्ट इंडिया कंपनीचं, म्हणजे व्हीओसीचं, दप्तर १.०४.०२ या क्रमांकाखाली आहे. त्यात आशियातून हॉलंडला पोचलेल्या पत्रांची जाडजूड बाडं आहेत. त्यांचे स्कॅन फुकट उतरवून घेता येतात. हायगन्स या डच संशोधन संस्थेच्या ग्लोबलाइज प्रकल्पाने यातल्या सुमारे ५० लाख पानांचं मशीनकडून लिप्यंतर (म्हणजे जुन्या हस्ताक्षराचा टाइप केलेला मजकूर) करून घेतलं आणि ते शोधण्याजोगं केलं. हा अनुभव मुख्यतः या लिप्यंतराचा आहे.

आधी चांगलं. शोध अफाट वेगवान आहे. पूर्वी एका बाडाची अनुक्रमणिका पाहायची, अंदाजाने पानं उलटायची, यात आठवडा जायचा. आता मिरी, पोर्तुगीज, नाकेबंदी अशांचे डच शब्द टाकले की मिनिटात पन्नास पानं समोर येतात. लिपिकाचं अक्षर स्वच्छ असेल तर सलग डच मजकूर बऱ्यापैकी बरोबर उतरतो. अशा पानाला ताडून पाहण्यासकट पंधरा-वीस मिनिटं पुरतात. तेच पान मशीनच्या मदतीशिवाय वाचायला नवशिक्याला तास-दीड तास लागतो. (मोडी येणाऱ्याला थोडा कमी. हात न उचलता लिहिलेली ओळ सोडवायची सवय कामी येते.)

आता दुखणं: विशेषनामं. आणि आपल्याला तर नेमकी तीच हवी असतात.

कारण समजलं की उपायही सुचतो. वेंगुर्ल्याची वखार १६३७ मध्ये निघाली, गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवायला. तिथल्या डच माणसाने कोकणी नाव कानाने ऐकलं तसं लिहिलं. ते पत्र बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला, कंपनीच्या आशियातल्या मुख्यालयात गेलं. तिथल्या कारकुनाने हॉलंडला पाठवण्यासाठी त्याची नक्कल केली, आणि त्याने कोकण कधी पाहिलेलं नव्हतं. बाडात आहे ती बहुतेक वेळा ही नक्कल, अस्सल नव्हे. या नकलेवर शेवटचा हात मशीनचा, आणि ते डच शब्दांवर पोसलेलं. म्हणजे नाव तीनदा बिघडण्याची सोय.

वेंगुर्ल्याचंच बघा. डच कागदांत त्याची सुरुवात बहुधा डब्ल्यूने होते: विंगुर्ला. त्या काळच्या वळणात एन आणि यू ही दोन्ही अक्षरं दोन उभ्या रेघांचीच. यूवर कधीकधी बारीक चंद्रकोर असते, घाईत तीही राहते. नेहमीच्या डच शब्दात मशीन संदर्भावरून एन की यू ते ठरवतं. विंगुर्ल्याला कुठला संदर्भ? मग एनचा यू, यूचा एन, आणि शोधलं तर काहीच हाती लागत नाही. विजापूरसाठी विसियापूर, शिवाजी महाराजांसाठी सेवागी, सिवासी अशी रूपं शोधावी लागतात, आणि प्रत्येकात वाय, आय, आयजे, जी, एस यांची अदलाबदल वेगळी.

म्हणून पूर्ण नाव टाकूच नका. नावाचा न बिघडणारा तुकडा घ्या, पुढेमागे तारकाचिन्ह (*, म्हणजे तिथे कुठलीही अक्षरं चालतील) लावा, आणि सापडलेली प्रत्येक नवी स्पेलिंग एका वहीत टिपा. शंभरेक रूपांची अशी वही संशोधकाची खरी पुंजी. शिवाय ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द मशीनला दोन शब्द वाटतो. त्यासाठी नुसता उत्तरार्धही शोधून पाहावा.

बाकी चुका ओळखीच्या आहेत. लोहयुक्त शाई कागदात झिरपून मागच्या बाजूची अक्षरं पुढे दिसतात, आणि मशीन त्यांनाही ओळ समजतं. समासातली टीप मुख्य मजकुरात घुसते. हिशेबाच्या पानावर रकाने कोसळतात, तिथे लिप्यंतर सरळ बाजूला ठेवावं. रकमांची परीक्षा बेरजेने होते, त्यासाठी डच नाणी लक्षात ठेवा: २० स्टायव्हरचा १ गिल्डर, १६ पेनिंगचा १ स्टायव्हर. ३ गिल्डर १५ स्टायव्हर ८ पेनिंगमध्ये ४-१०-१२ मिळवले तर ८-६-४ यायला हवेत. नाही आले तर स्कॅन मोठा करून पाहा.

दोन सापळ्यांचा मात्र मशीनशी संबंध नाही.

पहिला वर्षाचा. बाडं पत्र हॉलंडला पोचलं त्या वर्षाप्रमाणे लावली आहेत. वेंगुर्ल्याहून बटाव्हिया, तिथून हिवाळ्यात निघणारा ताफा, मग आफ्रिकेच्या दक्षिणेच्या केपला वळसा. त्यामुळे १६६४ च्या सुरुवातीची घटना बरेचदा १६६५ च्या बाडात सापडते. १६६४ चं बाड चाळून ‘डचांनी नोंदच घेतली नाही’ असं लिहिणं म्हणजे हसं करून घेणं.

दुसरा तारखेचा. डच कंपनी नवी, ग्रेगोरियन तारीख लिहायची. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी, ज्युलियनच. सतराव्या शतकात अंतर १० दिवसांचं. वर त्या काळच्या इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून सुरतेच्या पहिल्या लुटीची इंग्रजी तारीख जानेवारी १६६३/४ अशी दिसते. आपल्याकडे राज्याभिषेकाची रूढ तारीख ६ जून १६७४ हीसुद्धा जुन्या पद्धतीची आहे; नव्याने ती १६ जून होते. डच पत्रातली तारीख इंग्रजी पत्राशेजारी ठेवताना हे दहा दिवस वजा करायला विसरलात, तर बातमी घटनेच्या आधी पोचल्याचे किंवा उशिरा निघाल्याचे चमत्कार घडतात.

विद्यापीठाच्या बाजूने हे का महत्त्वाचं? डच एम.ए. एका वर्षाचं, ६० क्रेडिटचं. एका क्रेडिटला २८ तास धरतात, म्हणजे अख्ख्या पदवीला १६८० तास, आणि त्यात वर्ग, वाचन, निबंध, प्रबंध सगळं आलं. जुनी डच आणि जुनं अक्षर दोन्ही शून्यातून शिकायचं असेल तर हे तास पुरत नाहीत. अगोदर सहा महिने तरी डच करून जा, किंवा १२० क्रेडिटचं दोन वर्षांचं रिसर्च मास्टर पाहा. गुण दहापैकी, आठ म्हणजे उत्तम, नऊ क्वचित. प्राध्यापकांना नावाने हाक मारायची पद्धत आहे, पण त्या मोकळेपणाने फसू नका. चर्चासत्रात ‘मूळ पान पाहिलं का?’ हा प्रश्न गोड आवाजात येतो आणि उत्तर ‘नाही’ असेल तर मुद्दा तिथेच संपतो.

लायडनहून हेग रेल्वेने साधारण पंधरा मिनिटं, आणि दप्तरखाना मध्यवर्ती स्थानकाला लागूनच. पण ज्या बाडाचे स्कॅन आहेत त्याचा अस्सल कागद सहसा हातात देत नाहीत, तेव्हा जाण्याआधी यादीत पाहून मागणी नोंदवा. शब्दांसाठी कंपनीच्या पारिभाषिक शब्दांचा २००० साली निघालेला कोश आणि ऑनलाइन असलेला मोठा डच शब्दकोश, दोन्ही उघडे ठेवावेत. आणि बाडाला हात घालण्याआधी बटाव्हियाच्या रोजनिशीचे १६२४ ते १६८२ चे छापील खंड चाळा. पुष्कळदा हवी ती बातमी तिथे आधीच छापलेली असते.

संदर्भ देताना स्कॅनचा क्रमांक म्हणजे पान नव्हे. एका स्कॅनवर बहुधा उघडलेलं बाड असतं: डावीकडे आधीच्या फोलिओची (म्हणजे दोन बाजू असलेल्या एका कागदाची) मागची बाजू, उजवीकडे नंतरच्या फोलिओची पुढची. म्हणून दप्तर क्रमांक, बाड क्रमांक, फोलिओ आणि त्याची बाजू, एवढं लिहा. स्कॅनचा क्रमांक स्वतःच्या वहीत ठेवा, सहा महिन्यांनी तेच पान पुन्हा उघडायला लागतो.