एक सॉकेट की दोन: बहुकोर सर्व्हर प्रोसेसर निवडताना

नवा सर्व्हर घेण्याची चर्चा बहुतेक वेळा इंटेल की एएमडी येथूनच सुरू होते. मला त्याआधीचा एक प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर ठरले की पुढची निवड बरीच सोपी होते: आपल्याला लागणारे ६४ कोर (प्रोसेसरमधली स्वतंत्रपणे आकडेमोड करणारी एकके) एकाच प्रोसेसरमध्ये घ्यावेत, की ३२ कोरचे दोन प्रोसेसर एका मदरबोर्डवर, म्हणजे दोन सॉकेटांत (प्रोसेसर बसवायच्या जागांत), बसवावेत? हा निर्णय मी स्वतः घेतलेला आहे आणि दोन्ही प्रकारची यंत्रे चालवलेली आहेत. माझा कल कोणीकडे आहे हे पुढे दिसेलच. तरीही प्रत्येकाच्या कामाचे स्वरूप वेगळे असते, म्हणून दुसरी बाजूही मांडण्याचा प्रयत्न करतो.

दोन सॉकेटची सवय आपल्याला लागली ती सक्तीने. एका चिपवर एकच कोर असण्याच्या काळात सर्व्हरची ताकद वाढवायची, तर प्रोसेसरांची संख्या वाढवणे हाच मार्ग होता. आयबीएमच्या पॉवर४ने २००१ मध्ये एका चिपवर दोन कोर आणले. २००४ मध्ये इंटेलने ‘तेजस’ हा प्रकल्प सोडून दिला आणि एकच कोर अधिकाधिक वेगाने पळवण्याचे दिवस उष्णतेमुळे संपल्याचे सर्वांना उमगले. पुढच्याच वर्षी एएमडीचा ऑप्टेरॉन आणि इंटेलचा झिऑन हे दोन्ही सर्व्हर प्रोसेसर दोन कोरांचे झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्सच्या अल्ट्रास्पार्क टी१ ने ८ कोर आणि ३२ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) देऊन काळाच्या बरीच पुढची दिशा दाखवली. त्यानंतर कोर वाढत राहिले, पण सावकाश: जुलै २०१७ मध्ये आलेल्या झिऑन स्केलेबल मालिकेत कमाल २८ कोर होते. पन्नासच्या आसपास कोर हवे असणाऱ्याला तेव्हा दोन सॉकेट घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्याच वर्षी आलेल्या एएमडीच्या पहिल्या एपिक प्रोसेसरमध्ये ३२ कोर होते, आणि एका सॉकेटचा आग्रह एएमडीने तेव्हापासूनच धरला होता. मात्र तो प्रोसेसर आतून चार स्वतंत्र चिपांचा होता आणि प्रत्येक चिपला स्वतःचे दोन मेमरी चॅनेल (मेमरीशी जोडणारे मार्ग) होते. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमला एकाच सॉकेटमध्ये चार न्यूमा नोड (आपापली जवळची मेमरी असलेले कोरांचे गट) दिसत, आणि दूरच्या मेमरीची जी कटकट टाळण्यासाठी एक सॉकेट घ्यावा तीच कटकट झाकणाखाली शिल्लक राहत असे. ऑगस्ट २०१९ मधील दुसऱ्या पिढीने हे चित्र बदलले. मेमरी आणि पीसीआयई (डिस्क, नेटवर्क कार्ड अशी उपकरणे जोडणारी व्यवस्था) यांचा सगळा कारभार मधल्या एका आय/ओ चिपकडे गेला आणि तिच्याभोवती कोरांचे आठपर्यंत चिपलेट (छोट्या चिपा) आले. ६४ कोर, ८ मेमरी चॅनेल आणि १२८ पीसीआयई लेन एकाच सॉकेटमध्ये मिळू लागल्या. माझ्या लेखी एक सॉकेट हा खरा पर्याय तेव्हापासून झाला.

माझा निर्णय ज्या एका त्रासाने ठरवला, तो थोडा सविस्तर सांगायला हवा. दोन सॉकेटच्या यंत्रात प्रत्येक प्रोसेसरच्या हाताशी त्याची स्वतःची मेमरी असते. शेजाऱ्याच्या मेमरीतले काही हवे असेल, तर दोघांना जोडणाऱ्या दुव्यावरून जाऊन ते आणावे लागते. या दुव्याला इंटेल यूपीआय म्हणते, तर एएमडीकडे ते काम इन्फिनिटी फॅब्रिक करते. नदीच्या दोन काठांवर वसलेले एकच गाव असावे आणि मध्ये पूल असावा, तशी ही रचना आहे. एका फेरीचा उशीर नॅनोसेकंदांत मोजावा इतका लहान असतो, आणि कामगिरीच्या तक्त्यात तो पाहिला तर कोणी त्याची फिकीर करणार नाही.

मला छळले ते त्या उशिराच्या बेभरवशीपणाने. पोस्टग्रेसचा एक मोठा डेटाबेस अशा यंत्रावर चालत होता. तीच क्वेरी, तोच डेटा आणि जवळपास तेवढीच गर्दी असूनही सेवा पुन्हा सुरू केल्यावर एखाद्या खेपेला सारे चपळ चाले, तर पुढच्या खेपेला शंभरातली सर्वांत मंद एक-दोन उत्तरे विनाकारण रेंगाळत. सरासरी पाहावी तर ती दोन्ही वेळा समाधानकारक. कारण शोधताना कळत गेले ते असे: लिनक्समध्ये मेमरीचे पान (ठरावीक आकाराचा तुकडा) सामान्यतः त्याच नोडवर मिळते जिथल्या कोरने त्याला पहिल्यांदा हात लावला. त्यामुळे डेटाबेसचे सामायिक बफर (मेमरीत ठेवलेला डेटा) कोणत्या काठावर जाऊन बसतील हे सुरुवातीच्या क्षणी कोण कुठे धावत होते यावर ठरत होते. त्यात नेटवर्क कार्डाचा स्लॉट दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेला होता, म्हणजे पहिल्या प्रोसेसरवर चालणाऱ्या प्रक्रियेसाठी आलेले प्रत्येक पॅकेट पूल ओलांडून येत होते.

यावर उपाय नाहीत असे अजिबात नाही. नुमाकंट्रोल या लिनक्समधल्या साधनाने मेमरी दोन्ही नोडांवर समान पसरता येते किंवा प्रक्रिया एका नोडला बांधून टाकता येते, आणि कार्डाच्या इंटरप्टना (प्रोसेसरला येणाऱ्या सूचनांना) ठरावीक कोर नेमून देता येतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) स्वयंचलित न्यूमा संतुलनही आहे, मात्र पाने हलवायची की नाही हे ठरवण्यासाठी ते मुद्दाम पेज फॉल्ट (पानापर्यंत पोहोचतानाचे अडथळे) घडवून आणते आणि त्याचा भार पुन्हा त्याच यंत्रावर पडतो. एका नोडची मेमरी संपत आली असताना, शेजारच्या नोडवर मुबलक जागा असूनही, कर्नल जवळचीच पाने रिकामी करू पाहत असे. डेटाबेस चालवणाऱ्यांना त्याचा इतका जाच झाला की ती सोय पुढे लिनक्समध्ये मुळातच बंद ठेवली जाऊ लागली. हे सारे उपाय मी वापरले आहेत आणि ते लागूही पडतात. प्रश्न ते सांभाळण्याचा आहे. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये गेले, कर्नल बदलला, एखादे व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरवर चालणारे आभासी यंत्र) नोडच्या मेमरीहून मोठे झाले किंवा ही बांधाबांध ठाऊक असलेला सहकारी दुसरीकडे गेला, की तोच शोध नव्याने सुरू होतो.

पुढचे यंत्र एका सॉकेटचे घेतले, तेव्हा सरासरी वेग डोळ्यांत भरण्यासारखा वाढला नाही, हे आधीच सांगायला हवे. बदलली ती खात्री. आज जे उत्तर जितक्या वेळात मिळाले तितक्याच वेळात ते उद्याही मिळू लागले, आणि मंद क्वेरीचा शोध पुन्हा क्वेरीतच घेता येऊ लागला. सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट कोणत्याही बेंचमार्कमधल्या दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा मोलाची आहे, असे माझे मत आहे.

दोन सॉकेटची बाजूही भक्कम आहे. मेमरीचे स्लॉट दुप्पट मिळतात, एकूण बँडविड्थ दुप्पट होते, आणि संपूर्ण डेटाबेस मेमरीत ठेवायचा असेल तर एवढी जागा एका सॉकेटमध्ये मिळेलच असे नाही. लहान लहान व्हर्च्युअल मशीन एका नोडमध्ये सहज मावतात, त्यामुळे तेथे वर सांगितलेला त्रास क्वचितच जाणवतो. वैज्ञानिक आकडेमोडीत तर प्रत्येक प्रक्रिया मुळातच आपापल्या नोडला बांधलेली असते. खोके, वीजपुरवठा आणि नेटवर्कचे पोर्ट दोन प्रोसेसरांत वाटले जातात, हाही हिशेबाचा भाग आहे. फक्त एका गोष्टीचा भ्रम नसावा: दुसरा प्रोसेसर घातला की सगळेच दुप्पट होते, असे नाही. एपिकच्या एका सॉकेटला १२८ पीसीआयई लेन मिळतात, पण दोन सॉकेट जोडले की काही लेन त्या दोघांना जोडण्यातच खर्ची पडतात. त्यामुळे बाहेरच्या उपकरणांसाठी दोन्ही मिळून उरतात १२८ किंवा फार तर १६०. ज्याला मुख्यतः एनव्हीएमई (पीसीआयईला थेट जोडलेल्या वेगवान) डिस्क आणि वेगवान नेटवर्क कार्डे लावायची आहेत, त्याच्या पदरात दुसऱ्या सॉकेटमुळे फारसे काही पडत नाही.

सॉफ्टवेअरच्या परवान्यांचा विचार पूर्वी यात निर्णायक ठरत असे, कारण अनेक परवाने सॉकेटवर मोजले जात आणि अधिक कोरांचा एकच प्रोसेसर घेणाऱ्याची चांदी होई. व्हर्च्युअल मशीन चालवण्याचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरने २०२० मध्ये एका परवान्याला ३२ कोरांची मर्यादा घातली, आणि आता कोरवर आकारणी करण्याचीच रीत रूढ होत चालली आहे. त्यामुळे कोरवर मोजल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी कमी पण वेगवान कोर आणि भरपूर कॅशे (कोरांजवळची छोटी, वेगवान मेमरी) असलेले मॉडेल घ्यावे, एवढेच येथे पुरे.

एक सॉकेट ठरल्यावर मग इंटेल की एएमडी हा प्रश्न येतो, आणि येथे तो पूर्वीइतका एकतर्फी राहिलेला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या झिऑन ६९००पी मालिकेत १२८ पूर्ण ताकदीचे कोर, १२ मेमरी चॅनेल आणि ८८०० मेगाट्रान्स्फर प्रतिसेकंद वेगाची एमआरडीआयएमएम या प्रकारची मेमरी आहे. मॅट्रिक्सची आकडेमोड करणारे एएमएक्स एकक इंटेलकडे २०२३ च्या सॅफायर रॅपिड्स पिढीपासून आहे, आणि जीपीयूविना लहान एआय मॉडेल चालवणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. ६७००पी मालिकेत १३६ लेन असलेली केवळ एका सॉकेटसाठीची मॉडेल काढून इंटेलनेही या विचाराला मान्यताच दिली आहे. परंतु ६९००पी मध्ये मेमरी नियंत्रक कोरांच्याच तीन टाइलांवर (प्रोसेसरमधल्या चिपांवर) वाटलेले आहेत आणि नेहमीच्या मांडणीत एका सॉकेटचे तीन न्यूमा नोड होतात. सर्व मेमरी एकसंध दाखवण्याचा पर्याय उपलब्ध आहे, तरी टाइलांमधले अंतर सिलिकॉनमध्ये असते ते असतेच. एएमडीच्या रचनेतही अंतरे आहेत: २०२१ च्या मिलान पिढीपासून ८ कोरांमागे ३२ एमबी एल३ कॅशे एकत्र मिळतो, पण दुसऱ्या चिपलेटच्या कॅशेतील माहिती हवी असल्यास आय/ओ चिपमधूनच जावे लागते. मेमरी मात्र सर्व कोरांना जवळजवळ सारख्याच अंतरावर राहते, आणि माझ्या डेटाबेसच्या कामाला तेच सर्वाधिक मानवले. शेवटी ‘पी’ अक्षर लावलेले, केवळ एका सॉकेटसाठी असलेले आणि त्यामुळे काहीसे स्वस्त मिळणारे एपिक मॉडेल मला योग्य वाटले. मॅट्रिक्सचे काम मोठ्या प्रमाणावर असते, तर कदाचित मी वेगळा विचार केला असता.

आर्म (इंटेल आणि एएमडीहून वेगळ्या रचनेचे) प्रोसेसर घेऊन स्वतःच्या खोलीत बसवण्याची वेळ माझ्यावर आलेली नाही, पण क्लाउडवर ते वापरताना एक गोष्ट लक्षात आली. ॲमेझॉनच्या ग्रॅव्हिटॉन२ आणि ग्रॅव्हिटॉन३ या आर्म प्रोसेसरांमध्ये ६४ कोर एकाच न्यूमा नोडमध्ये आहेत, आणि ग्रॅव्हिटॉन३ च्या एका मदरबोर्डवर तीन सॉकेट असले तरी प्रत्येक सॉकेट हे स्वतंत्र यंत्र आहे. प्रचंड संख्येने सर्व्हर चालवणाऱ्यांनीही सॉकेट जोडण्याचे टाळले, याचे मला समाधान वाटले. ९६ कोरांच्या ग्रॅव्हिटॉन४ मध्ये मात्र सर्वांत मोठ्या आकारांसाठी दोन सॉकेट जोडलेले आहेत, म्हणजे ती गरजही पुरती संपलेली नाही. आपले सर्व सॉफ्टवेअर आर्मसाठी उपलब्ध असेल तर हा पर्याय नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. गूगलचा ॲक्सिऑन आणि मायक्रोसॉफ्टचा कोबाल्ट हे त्यांचे स्वतःचे आर्म प्रोसेसर पाहता येत्या काळात इंटेल आणि एएमडीची खरी चढाओढ परस्परांशी कमी आणि त्यांच्याच मोठ्या ग्राहकांशी अधिक राहील, असे वाटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये या दोघांनी एकत्र येऊन एक्स८६ या दोघांच्या सामायिक प्रोसेसर रचनेसाठी सल्लागार गट स्थापन केला, त्यामागे हीच जाणीव असावी.

पुढच्या खरेदीत मी कोरांच्या संख्येपेक्षा एका मेमरी चॅनेलमागे किती कोर येतात हे आधी पाहीन. २०१७ च्या एपिकमध्ये हे प्रमाण ४ होते, २०१९ मध्ये ते ८ झाले, २०२२ च्या ९६ कोर आणि १२ चॅनेलच्या जेनोआ पिढीतही ८ च राहिले, आणि २०२४ च्या १९२ कोरांच्या ट्यूरिनमध्ये १६ वर गेले. चॅनेलचा वेग वाढला असला तरी कोरांची भूक त्याहून जलद वाढली आहे. एएमडीने व्हेनिस या एपिक पिढीसाठी २५६ कोर आणि सेकंदाला १.६ टेराबाइट मेमरी बँडविड्थ जाहीर केली आहे, तर इंटेलच्या क्लिअरवॉटर फॉरेस्टमध्ये लहान आकाराचे २८८ कोर आहेत. ५०० वॅटचे प्रोसेसर आताच बाजारात आहेत, त्यामुळे असे दोन एका खोक्यात घालायचे म्हटले तर रॅकची वीज आणि थंडावा यांचा प्रश्न मेमरीच्या अंतरापूर्वीच उभा राहतो. ज्यांचा भार आज ६४ ते १२८ कोरांत भागतो, त्यांनी दोन सॉकेटचे कोटेशन मागवण्याआधी आपल्या कामाला एका सॉकेटची मेमरी पुरते का, एवढे पाहून घ्यावे. पुरत असेल, तर मी स्वतः एकच सॉकेट घेईन.